ग्राफीनवर सायलेन चढवून ते इपॉक्सीत कसं मिसळायचं

आधी कागदावर एक हिशेब करा, मग वजनकाटा चालू करा. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा, इपॉक्सी म्हणजे हार्डनर घालून घट्ट होणारं रेसिन, आणि सायलेन म्हणजे या दोघांना जोडणारं सिलिकॉनचं रसायन. ग्राफीनची घनता साधारण २.२ ग्रॅम प्रति घन सेंमी, घट्ट झालेल्या इपॉक्सीची १.२. म्हणजे वजनाने ०.१ टक्का ग्राफीन घातलं तर आकारमानाने ते जेमतेम ०.०५५ टक्के जागा व्यापतं. ग्राफीनचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचं माप, १,००० गिगापास्कल धरा. २००८ साली कोलंबिया विद्यापीठात एकाच पापुद्र्यावर सूक्ष्म सुई दाबून तो मोजला, तेव्हा एवढाच आला होता. आता सगळे पापुद्रे ओढाच्या दिशेने सरळ झोपलेत आणि एकही वाया गेलेला नाही असं मानलं, तरी वाढ होते ०.५५ गिगापास्कल. साधं इपॉक्सी ३ च्या आसपास असतं. म्हणजे ताठरपणात फार तर १८ टक्के, तेही स्वप्नात.

हा हिशेब मी सुरुवातीलाच करायला लावते, कारण येणारा प्रत्येक विद्यार्थी २००९ सालचा तोच गाजलेला पेपर घेऊन येतो: ०.१ टक्का ग्राफीन, मॉड्युलस ३१ टक्के वर, ताणशक्ती ४० टक्के वर, तडा रोखण्याची ताकद ५३ टक्के वर. आकडे खोटे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण ३१ हा १८ पेक्षा मोठा आहे, म्हणजे तिथे ग्राफीनने नुसता भार उचललेला नाही, आजूबाजूच्या रेसिनचं वागणंही बदललेलं असणार. ते तुमच्या रेसिनमध्ये तसंच होईल याची हमी कोणी देत नाही. त्या यादीतला मला पटणारा आकडा शेवटचा आहे. तडा पुढे सरकताना पापुद्र्यावर आपटतो, वळतो, फाटे फुटतात, आणि त्यात त्याची ऊर्जा खर्च होते. तेव्हा ताठरपणाच्या मागे लागू नका, चिवटपणा मोजा.

मी भोसरी एमआयडीसीत एफआरपीचे, म्हणजे तंतू घालून मजबूत केलेल्या प्लास्टिकचे, भाग बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये केमिस्ट आहे. आमचं पोट भरतं ते मॅट, रोविंग, जेलकोट आणि पॉलिएस्टर रेसिनवर. ग्राफीनचं काम एका कोपऱ्यात, ग्राहकाने विचारलं तर किंवा कॉलेजची मुलं प्रोजेक्ट घेऊन आली तर. खाली लिहिलंय ते त्या कोपऱ्यातलं आहे. फ्यूमहूड, एक बरा वजनकाटा, व्हॅक्यूम पंप, बाथ सोनिकेटर (ध्वनिलहरींनी कण सुटे करणारं भांडं) आणि कुठे तरी सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र) एवढं मिळालं की भागतं.

पृष्ठभागाला हात का लावायचा

शुद्ध ग्राफीन म्हणजे नुसता कार्बन, षटकोनांची जाळी. रेसिनने त्याला धरावं असं त्यावर काहीच नसतं; पापुद्र्यांना मात्र एकमेकांना चिकटायची भारी हौस. तसंच्या तसं इपॉक्सीत ओतलं तर पिठल्यात बेसनाच्या होतात तशा गुठळ्या होतात, आणि गुठळी ही मजबुती नव्हे, तडा सुरू व्हायची आयती जागा. म्हणून आधी ग्राफीन ऑक्साइड घ्यायचं, बोलताना आम्ही जीओ म्हणतो. त्याच्या पाठीवर हायड्रॉक्सिल आणि इपॉक्साइड गट असतात, कडांना कार्बोक्सिल. लर्फ आणि क्लिनोव्स्की यांनी १९९८ साली मांडलेलं हे चित्र आजही कामाला पुरतं. या ऑक्सिजनच्या गटांवरच पुढची सगळी रसायनं चढतात.

याची किंमत मोजावी लागते. जिथे जिथे ऑक्सिजन बसला तिथे सपाट जाळी तुटली, आणि वीज वाहायचा रस्ताही तुटला. जीओ जवळपास विद्युतरोधक असतं. म्हणून ग्राहकाला अँटिस्टॅटिक फरशी किंवा वीज वाहणारा कोटिंग हवा असेल तर हा लेख त्याच्यासाठी नाही. तिथे जीओ परत रिड्यूस करा, हायड्राझिनच्या नादी न लागता अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने, किंवा पायरीनची साधितं नुसती चिकटवून घ्या. ती जाळी न मोडता पाठीवर बसतात. मजबुती आणि वीज दोन्ही एकाच पुडीतून मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते.

दुसरा प्रश्न, कोणतं रसायन चढवायचं. याचं उत्तर ग्राफीनकडे नसतं, रेसिनकडे असतं. इपॉक्सीसाठी अमाइन शेपटीचं सायलेन, म्हणजे एपीटीईएस, किंवा इपॉक्सी शेपटीचं जीपीटीएमएस. पॉलिएस्टर आणि व्हिनिल एस्टरला मेथॅक्रिल शेपटीचं. सल्फरने पिकवायच्या रबराला सल्फरवालं सायलेन. पॉलिप्रॉपिलीन असेल तर मॅलेइक चढवलेलं पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून घालतात. सिमेंटमध्ये जीओ तसंच चालतं, सिमेंटच्या वजनाच्या ०.०३ ते ०.०५ टक्के, पण सिमेंटच्या पाण्यातलं कॅल्शियम त्याला लगेच गोळा करतं, म्हणून पॉलीकार्बोक्झिलेट जातीचं सुपरप्लास्टिसायझर आधी घालावं लागतं. पुढे सगळं एपीटीईएस आणि इपॉक्सीबद्दल.

विकत घ्या, बनवायचंच असेल तर हे वाचा

‘ग्राफीन पावडर’ असं लेबल पाहून पैसे देऊ नका. आयएसओ या जागतिक मानक संस्थेच्या व्याख्येत ग्राफीन म्हणजे एकच थर; फार तर १० थरांपर्यंत ‘मोजक्या थरांचं ग्राफीन’ म्हणतात, त्यापुढे ते ग्राफाइटच. २०१८ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटाने जगभरातल्या ६० उत्पादकांचे नमुने तपासले. बहुतेकांत खरं ग्राफीन १० टक्क्यांहूनही कमी निघालं, बाकी बारीक केलेलं ग्राफाइट. विक्रेत्याकडे रामन, एक्सआरडी (क्ष-किरणांची तपासणी) आणि एक्सपीएस या तपासण्यांचे आलेख मागा, त्याच बॅचचे. जीओ असेल तर एक्सआरडीत १० ते ११ अंशांजवळ शिखर हवं. २६.५ अंशांवर टोकदार शिखर दिसलं तर ते न फुललेलं ग्राफाइट. आलेख मागितल्यावर विक्रेत्याने फक्त सुंदर षटकोनांचं चित्र पाठवलं, तर दुसरा विक्रेता शोधा.

घ्यायचं ते पाण्यातलं जीओ घ्या, कोरडी पावडर नको. कोरडं झालं की पापुद्रे एकमेकांवर बसतात आणि पुन्हा पूर्ण सुटत नाहीत. शिवाय कोरडं जीओ २०० अंशांच्या आसपास आपल्या आपण ऑक्सिजन टाकतं आणि गरम होत जातं; नीट धुतलेलं नसेल, पोटॅशियमचे क्षार उरले असतील, तर भपकन पेटतं. ओव्हनमध्ये सुकवण्याचा उद्योग नको.

स्वतः बनवायचं असेल तर १९५८ च्या हमर्स पद्धतीऐवजी २०१० साली राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने दिलेली पद्धत घ्या. सोडियम नायट्रेट नाही, त्यामुळे विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा धूर नाही. प्रमाण असं: १ ग्रॅम ग्राफाइटला ६ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, आणि सल्फ्युरिक व फॉस्फोरिक आम्लाचं ९:१ मिश्रण साधारण १३३ मिली. ५० अंशांवर १२ तास, मग थंड करून बर्फावर ओतणं आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. जांभळट चिखलाचा रंग एकदम पिवळा होतो, तेव्हा उरलेलं परमँगनेट संपलं. पण लक्षात ठेवा, परमँगनेट आणि तीव्र सल्फ्युरिकमधून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं. ५५ अंशांच्या वर गेलं किंवा सेंद्रिय पदार्थाला लागलं तर त्याचा स्फोट होतो. त्यामुळे परमँगनेट चमच्याचमच्याने, तापमापकावर डोळा ठेवून, आणि जवळपास अ‍ॅसिटोनची बाटली नाही. घरी, गच्चीवर, हॉस्टेलच्या खोलीत हे करायचं नाही. फ्यूमहूड आणि जाणकार माणूस दोन्ही शेजारी हवेत.

धुताना पाणी डिस्टिल्डच. भोसरी-चाकण पट्ट्यात बोअरचं पाणी जड असतं, आणि त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम जीओला सिमेंटसारखंच गोळा करतं. शंका असेल तर काचेच्या नळीत तुमच्या जीओचे चार थेंब घेऊन नळाचं पाणी घाला. तपकिरी ढग होऊन खाली बसला तर ते पाणी फरशी पुसायला वापरा.

सायलेन चढवणं

पाण्यातलं जीओ सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेला लगदा घ्या आणि अल्कोहोलने दोनदा धुवा, म्हणजे पाणी कमी होईल. इथे पाणी हवंही असतं आणि नकोही. सायलेनचे इथॉक्सी गट सुटायला थोडं पाणी लागतं, पण जास्त झालं तर सायलेन जीओवर बसण्याऐवजी आपापसातच जुळून पॉलिसिलोक्सेनचा पांढरट चिकट गाळ होतो. ९५ भाग अल्कोहोल, ५ भाग पाणी हे नेहमीचं प्रमाण. इथेनॉल घ्यायला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. कॉलेजकडे तो असतो, आमच्यासारख्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोलवर भागतं. फक्त त्यात जीओ जरा नाखुशीने पसरतं, म्हणून सोनिकेशन थोडं लांबवावं लागतं.

१ ग्रॅम जीओ, म्हणजे लगद्यातलं कोरडं वजन, अर्ध्या लिटर मिश्रणात बाथ सोनिकेटरमध्ये तासभर पसरवा. पाणी तापतं, मध्ये मध्ये बर्फ टाका. प्रोब सोनिकेटर मिळत असला तरी जपून; तो पापुद्रे सोडवता सोडवता त्यांचे तुकडेही करतो, आणि तडा अडवायला मोठा पापुद्रा हवा असतो.

मग स्टररवर ठेवून २ मिली एपीटीईएस थेंबाथेंबाने सोडा. नेटवरच्या बऱ्याच कृतींत इथे अ‍ॅसेटिक आम्लाने पीएच ४.५ ते ५.५ वर आणायला सांगतात. ते जीपीटीएमएससाठी बरोबर आहे. एपीटीईएसला त्याची गरज नसते, त्याचं स्वतःचं अमाइनच पुढचं काम चालवतं. पहिले काही थेंब पडताच तपकिरी द्रव फाटतो, बारीक कण दिसायला लागतात. घाबरू नका. जीओवर ऋण भार असतो, अमाइनवर धन; ते भेटले की असं होणारच. स्टरर चालू ठेवा, कंडेन्सर लावा, ७० अंशांवर पाच-सहा तास. या काळात रंग तपकिरीवरून काळसर होत जातो, कारण अमाइन थोडा ऑक्सिजनही काढून घेतं.

आता धुणं, आणि खरं काम इथेच आहे. न चिकटलेलं सायलेन मागे राहिलं तर ते रेसिनमध्ये जाऊन वेगळाच परिणाम दाखवतं आणि श्रेय ग्राफीनला मिळतं. सेंट्रिफ्यूज करा, वरचं अल्कोहोल टाका, नवीन घाला, हलवा, पुन्हा. कधी थांबायचं? वरच्या निवळीचा एक थेंब स्वच्छ काचपट्टीवर ठेवा, वाळू द्या, आणि पट्टी खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. पांढुरकी कड किंवा तेलकट झाक दिसतेय तोवर धुणं चालू. काच जशीच्या तशी दिसली की थांबा. ही चाचणी फुकट आहे.

शेवटची दोन धुणी अ‍ॅसिटोनने करा आणि लगदा ओलाच ठेवा, घट्ट झाकणाच्या बाटलीत. त्यातला चिमूटभर वाळवून, वजन करून ओल किती ते काढा, नाहीतर पुढचे सगळे टक्के हवेतले. तोच वाळलेला नमुना एफटीआयआरला, म्हणजे अवरक्त किरणांच्या तपासणीला, द्या. २८५० आणि २९२० जवळ सायलेनच्या साखळीची शिखरं, १००० ते ११३० दरम्यान सिलिकॉन-ऑक्सिजनचा रुंद पट्टा आला पाहिजे. एफटीआयआर, टीजीए, रामन या तपासण्यांसाठी पाषाणची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा विद्यापीठाची सेंट्रल इन्स्ट्रुमेंटेशन फॅसिलिटी आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज असला की काम सोपं होतं. रांग असते, फेब्रुवारीत तर फारच. डिसेंबरातच नमुने द्या.

रेसिनमध्ये

आपल्याकडे कॉलेजांत बहुतेक सगळे एलवाय ५५६ रेसिन आणि एचवाय ९५१ हार्डनर वापरतात, वजनाने १००:१०. तेच धरू. रेसिन २५ अंशांना १० ते १२ पास्कल-सेकंद इतकं दाट असतं; ६० अंशांपर्यंत तापवलं की हलवण्याजोगं होतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत डब्याच्या तळाशी साखरेसारखे खडे दिसतात. रेसिन खराब झालेलं नाही, स्फटिक बनलेत. डबा गरम पाण्यात ठेवा, पूर्ण नितळ झाल्यावरच वापरा.

०.१, ०.२५ आणि ०.५ टक्के एवढ्या तीन पायऱ्या पुरेत. ०.५ च्या पुढे रेसिन इतकं दाटतं की हवा निघत नाही, आणि मग तुम्ही ग्राफीन नव्हे, बुडबुडे मोजत असता. ओला लगदा थोड्या अ‍ॅसिटोनमध्ये सोनिकेट करून कोमट रेसिनमध्ये ओता, जोरात ढवळत ठेवा. मग फ्यूमहूडमध्ये, हॉटप्लेटवर, जवळ ज्योत नको, ६० ते ७० अंशांवर अ‍ॅसिटोन उडवा आणि शेवटी व्हॅक्यूम लावा. बीकरचं रिकामं वजन आधी लिहून ठेवलेलं असलं की दर अर्ध्या तासाने वजन करता येतं. आकडा खाली सरकायचा थांबला की अ‍ॅसिटोन गेलं. वासावर जाऊ नका, आपलं नाक तासाभरात बधिर होतं. उरलेलं अ‍ॅसिटोन रेसिनला मऊ करतं आणि हार्डनरमधल्या अमाइनलाही खातं.

आणि हे ठळक अक्षरात समजा: साधं इपॉक्सी, ज्याच्याशी तुलना करणार, तेसुद्धा याच सगळ्यातून न्यायचं. तेवढंच अ‍ॅसिटोन, तेवढाच वेळ, तेवढंच व्हॅक्यूम. जमलं तर तिसरा गट साध्या जीओचा, सायलेनशिवाय. त्याच्याशिवाय फायदा सायलेनमुळे झाला की नुसत्या जीओमुळे, हे सांगता येणार नाही, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

मिसळलं नीट का, हे हार्डनर घालण्याआधी बघा. दोन काचपट्ट्यांमध्ये एक थेंब दाबा आणि साध्या मायक्रोस्कोपखाली १०० पट करून पाहा. पसरलेलं ग्राफीन धुरकट, सारखं दिसतं; काळे ठिपके म्हणजे गुठळ्या. रंगाच्या कारखान्यात वापरतात तो हेगमन गेज मिळाला तर अजून बरं: खोबणीच्या खोल टोकाला थेंब ठेवायचा, पट्टीने उथळ बाजूला ओढायचा, आणि रेघोट्या कुठून सुरू होतात तिथला मायक्रॉनचा आकडा वाचायचा. आकडा मोठा आला तर थ्री-रोल मिलमधून, म्हणजे तीन रुळांमध्ये रगडणाऱ्या यंत्रातून, काढा. नसेल तर पुन्हा ढवळा. पण हार्डनर घालून नशिबावर सोडू नका. हे मिश्रण साठवायचंही नाही. अमाइनवालं ग्राफीन रेसिनशी हळूहळू जुळत राहतं आणि आठवड्याभराने डबा दाटतो.

हार्डनर घालताना रेसिन खोलीच्या तापमानाला आलेलं असावं. १०० ग्रॅमला १० ग्रॅम, काट्यावर मोजून. ग्राफीनवरच्या अमाइनसाठी यात कपात करायची गरज नाही, ते फार थोडं असतं. सावकाश ढवळा, परत थोडा वेळ व्हॅक्यूम, आणि साच्यात. मोठ्या भांड्यात तसंच ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने उकळतं. नायट्राइलचे हातमोजे घाला. एचवाय ९५१ ने हाताला खाज सुटते, आणि एकदा अ‍ॅलर्जी झाली की जन्मभराची.

जून ते सप्टेंबर या कामाला वाईट. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरशी मिळून वर मेणचट पांढरा थर येतो, त्याला अमाइन ब्लश म्हणतात. हार्डनरची बाटली उघडी ठेवू नका, साचा झाका, आणि थर आलाच तर कोमट पाण्याने पुसा. नुसतं पॉलिश पेपर मारलं तर तो पसरतो. २४ तास खोलीत, मग ८० अंशांवर काही तास पोस्ट-क्युअर. सगळ्या गटांना सारखंच.

चाचण्या एएसटीएम मानकांप्रमाणे: ताणासाठी डी ६३८, वाकवण्यासाठी डी ७९०, तडा रोखण्यासाठी डी ५०४५. प्रत्येक गटाचे किमान पाच नमुने. शेवटच्या चाचणीत तड्याची सुरुवात नव्या ब्लेडने, हलकेच ठोकून करायची असते. बोथट खाच केली तर चिवटपणा उगाच जास्त दिसतो. नमुना मोडल्यावर तुकडे फेकू नका. साध्या इपॉक्सीचं मोडलेलं तोंड आरशासारखं गुळगुळीत असतं, ग्राफीनवालं खडबडीत, पायऱ्यापायऱ्यांचं. हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं, एसईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो नंतर.

कापडासोबत वापरताना

इथे प्रयोगशाळा संपते आणि आमचं दुकान सुरू होतं. व्हॅक्यूम इन्फ्यूजनने ग्लास किंवा कार्बनच्या कापडात हे रेसिन ओढलं, की कापड गाळणीचं काम करतं. रेसिन आत शिरतं तिकडचं टोक काळं, बाहेर पडतं तिकडचं फिकट. आमचे रोलरवाले मामा पारदर्शक बॅगमधून ते बघून सांगतात, “मॅडम, तुमचा माल दारातच अडकला.” त्याला दोन मार्ग. एक, हँड ले-अप: प्रत्येक थरावर रेसिन वरून लावायचं, रोलर नीट फिरवायचा, ०.२५ टक्क्यांच्या वर जायचं नाही. दुसरा, ग्राफीन रेसिनमध्ये न घालता अल्कोहोलमध्ये पसरवून कापडावरच फवारायचं, वाळवायचं आणि मग साधं रेसिन ओढायचं. मला दुसरा आवडतो. दोन थरांच्या मधल्या जागेतच तडा पळतो आणि ग्राफीन नेमकं तिथेच बसतं. फवारताना मास्क मात्र हवाच.

गाडीवाल्या ग्राहकांना मी फोर्डचं उदाहरण देते. त्यांनी २०१८ साली बॉनेटखालच्या फोमच्या भागांत ग्राफीन वापरायला घेतलं, अर्ध्या टक्क्याहून कमी, आवाज आणि उष्णतेसाठी. चॅसिस ग्राफीनची केली नाही. गंजरोधक रंगातही जागा आहे, कारण पापुद्रे पाण्याची वाट लांबवतात. मात्र लोखंडावर वीज वाहणारं ग्राफीन लावलं आणि रंगाला ओरखडा पडला, तर तिथलं लोखंड उलट लवकर गंजतं. तिथे सायलेन चढवलेलं जीओच बरं.

उरलेलं: मँगनीजचं आम्लपाणी, सायलेनचं अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोन वेगवेगळ्या कॅनमध्ये, लेबल लावून. सिंकमध्ये काही नाही. घातक कचऱ्याची सामायिक सोय रांजणगावला आहे. कॉलेजचा किंवा कंपनीचा करार असतो, लॅब असिस्टंटला विचारा. बीकरमध्ये उरलेलं रेसिन हार्डनर घालून घट्ट करा, मग टाका. पातळ रेसिन कचऱ्यात जात नाही.